तुटणारी जोडणी : लॅपटॉपच्या एका जुनाट दुखण्याचे निदान

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत एखादा तरी लेख वैद्यकाबाहेरचा असावा, असा संपादकांचा दरवर्षीचा आग्रह असतो. यंदा तो त्यांनी माझ्या गळ्यात घातला आणि विषयही त्यांनीच सुचविला. त्याचे कारण मला ठाऊक आहे. गेली काही वर्षे मासिक सभेनंतर चहा घेताना सभासद बंधुभगिनी मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारतात, ‘‘डॉक्टर, आमच्या लॅपटॉपचे नेट मधूनच जाते आणि थोड्या वेळाने आपोआप येते. काय करावे?’’ मी पेशाने फिजिशियन. संगणकशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. परंतु दांडियाबाजारातील जुन्या घरात खाली दवाखाना व वर बिऱ्हाड, आणि दोहोंमध्ये दीड-दीड फुटांच्या चुनेगच्ची भिंती, अशा ठिकाणी हे जाळे चालते ठेवता ठेवता जे काही शिकलो, ते येथे मांडतो.

पूर्णपणे बंद पडलेले यंत्र दुरुस्त करणे त्या मानाने सोपे असते. मधूनच बिघडणारे यंत्र मात्र तंत्रज्ञ दारात आला की शहाण्यासारखे वागू लागते. धडधडीची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाचा आलेख आपल्यासमोर नेमका निर्दोष यावा, तशातलाच हा प्रकार. अशा रुग्णाला आपण ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगून घरी पाठवीत नाही. येथेही तसे करू नये, आणि हाताला लागेल ती सेटिंग बदलीत तर मुळीच सुटू नये.

इजा कुठे आहे?

न्यूरॉलॉजीचे आमचे शिक्षक रुग्णाला हात लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावयास लावीत : इजा कुठे आहे? ती कशाने झाली, हा प्रश्न त्यांच्या मते दुसरा. लॅपटॉपच्या बाबतीतही हा क्रम पाळावा. लॅपटॉपच्या आत एक छोटे वायरलेस कार्ड असते, त्याचा अँटेना बहुधा पडद्याच्या चौकटीत बसविलेला असतो. तेथून लहरी हवेतून राउटरकडे जातात, राउटरपासून फायबर वा तांब्याची तार कंपनीच्या केंद्राकडे जाते, आणि तेथून पुढे आपण उघडलेल्या संकेतस्थळाचा दूरस्थ संगणक. या साखळीत कुठेही खंड पडला तरी पडद्यावर दिसणारे लक्षण एकच : चक्र फिरत राहते.

म्हणून पहिला प्रश्न असा, की ज्या क्षणी लॅपटॉप अडतो त्याच क्षणी, त्याच खोलीत, त्याच वाय-फायवरील दुसरे उपकरण चालते काय? ही चाचणी मोबाइलवर करताना त्याचा मोबाइल डेटा आधी बंद करावा. नाही तर वाय-फाय कोलमडताच फोन गुपचूप सिमच्या जाळ्यावर जातो आणि ‘फोनवर तर सगळे व्यवस्थित आहे’ अशी खोटी साक्ष देतो. या एका गफलतीपायी निर्दोष लॅपटॉप दुरुस्तीला गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

दुसरा प्रश्न वेळेचा. नेट ठरावीक वेळी जाते की केव्हाही? तिसरा जागेचा : एकाच खुर्चीवर जाते की घरभर? आणि चौथा, ज्याचे उत्तर प्रत्येक रुग्ण ‘काही नाही’ असेच देतो : त्रास सुरू होण्यापूर्वी काय बदलले? खोदून विचारल्यावर कळते, की नवे कपाट आले, विंडोजचे मोठे अद्ययावतीकरण झाले, शेजाऱ्याने नवी जोडणी घेतली, किंवा चिरंजीवांनी सुट्टीत येऊन ‘थोडेसे सेटिंग’ केले.

दोन खिडक्यांची चाचणी

आता तपासणीकडे वळू. विंडोजच्या लॅपटॉपवर विंडोजची खूण असलेली कळ व ‘आर’ ही अक्षराची कळ एकत्र दाबली की एक लहान चौकट उघडते. तीत ‘सीएमडी’ ही तीन अक्षरे रोमन लिपीत टंकून एंटर दाबले की काळी खिडकी येते. या खिडकीला घाबरण्याचे कारण नाही. येथे सांगतो त्या आज्ञा केवळ पाहणी करतात, काही बिघडवीत नाहीत.

पहिली आज्ञा ‘आयपीकॉन्फिग’. ती लॅपटॉपला मिळालेला पत्ता दाखविते आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ या नावाखाली राउटरचा पत्ताही. घरगुती जाळ्यात राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर तेथेच थांबावे. याचा अर्थ असा, की राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही आणि लॅपटॉपने नाइलाजाने स्वतःच एक पत्ता धारण केला आहे. पुढे सांगणार आहे त्या हकिकतीत या आकड्याला फार महत्त्व आहे.

दुसरी आज्ञा ‘पिंग’. ती समोरच्या पत्त्यावर एक लहान हाक पाठविते आणि उत्तर किती सहस्रांश सेकंदांत आले ते लिहिते. नुसती ‘पिंग’ चार वेळा हाक मारून थांबते. मधूनच उद्भवणाऱ्या दुखण्याला चार हाकांचा उपयोग नाही. त्यासाठी पत्त्यापुढे एक जागा सोडून आडवी रेघ व ‘टी’ हे अक्षर लिहावे, म्हणजे आपण कंट्रोल व सी या कळा दाबेपर्यंत हाका चालू राहतात. आपल्या भाषेत बोलायचे तर चार हाकांची पिंग म्हणजे दवाखान्यातला आलेख, आणि ही अखंड पिंग म्हणजे होल्टर.

हे होल्टर दोन खिडक्यांत लावावे. एका खिडकीत राउटरच्या पत्त्याला हाका, दुसरीत बाहेरच्या एखाद्या सदैव जाग्या पत्त्याला. ८.८.८.८ हा गुगलचा सार्वजनिक पत्ता लक्षात ठेवण्यास सोपा. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवून आपले काम चालू द्यावे आणि त्रास झाला की तिकडे नजर टाकावी. पिंग उत्तरासोबत घड्याळाची वेळ लिहीत नाही, म्हणून शेजारी कागद ठेवून वेळ आपणच नोंदवावी. आपल्या परिचारिका तापाचा तक्ता लिहितात तसा.

अर्थ लावणे अवघड नाही. राउटरच्या खिडकीतच उत्तरे गळू लागली, किंवा एरवी दोन-पाच सहस्रांश सेकंदांत येणारे उत्तर मध्येच पाचशे-हजारावर गेले, तर दोष लॅपटॉप आणि राउटर यांच्या दरम्यान आहे. अशा वेळी कंपनीला दूरध्वनी करून काही लाभ नाही. राउटरची उत्तरे नाडीसारखी नियमित आणि बाहेरची मात्र गळतात, तर दोष पुढच्या तारेत वा कंपनीकडे. दोन्ही खिडक्या सुरळीत असून संकेतस्थळे तेवढी उघडत नसतील, तर नावांचे पत्त्यांत रूपांतर करणारी व्यवस्था, जिला डीएनएस म्हणतात, ती आजारी आहे. लॅपटॉपच्या वा राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लिहिल्यास हा शेवटचा प्रकार बहुधा मिटतो. खिडकीत ‘जनरल फेल्युअर’ असे शब्द आले, तर हाक लॅपटॉपच्या बाहेरच पडलेली नाही असे बहुधा समजावे. तेथे वायरलेस कार्ड व त्याची प्रणाली तपासावी लागते.

मॅक वापरणाऱ्यांना ‘टर्मिनल’मध्ये पिंग आपोआपच अखंड मिळते. शिवाय ऑप्शन ही कळ दाबून वरच्या वाय-फायच्या चिन्हावर टिचकी मारली, की संकेताची तीव्रता दिसते. ती वजा ५० च्या आसपास असेल तर उत्तम. वजा ६७ पर्यंत दृक्‌संवाद चालतो. वजा ८० म्हणजे अतिदक्षता विभाग.

बालरुग्णालयातील बुधवार

आमच्या एका बालरोगतज्ज्ञ मित्रांच्या रुग्णालयात दर बुधवारी सायंकाळी एक तरुण हृदयरोगतज्ज्ञ येतात. सोबत इकोचे लहान यंत्र आणि स्वतःचा लॅपटॉप. अशा एका बुधवारी तीन दिवसांचे एक अर्भक आले. ओठ निळसर, प्राणवायू देऊनही संपृक्तता वाढेना. इकोमध्ये डक्टवर अवलंबून असणारा हृदयदोष दिसला. प्रोस्टाग्लँडिन लगेच सुरू झाले. परंतु बाळाला कुठे व केव्हा हलवावे, आधी शस्त्रक्रिया की कॅथेटर, हे ठरविण्यासाठी अहमदाबादच्या तज्ज्ञांनी इकोच्या चित्रफिती पाहणे आवश्यक होते. आणि नेमका त्या वेळी लॅपटॉप जाळ्यात शिरेना. स्वागतकक्षातला संगणक चालत होता, परिचारिकांचे फोन चालत होते, हा एक लॅपटॉप तेवढा अडून बसलेला. ती खोली इमारतीच्या पोटात असल्यामुळे मोबाइलचा संकेतही क्षीण. शेवटी कुणीतरी राउटरचा प्लग काढून पुन्हा लावला, लॅपटॉप तत्काळ जोडला गेला आणि चित्रफिती रवाना झाल्या. यात पंचवीस मिनिटे गेली. प्रोस्टाग्लँडिन चालू असल्याने ती पंचवीस मिनिटे बाळाला परवडली. प्रत्येक बाळाला परवडतीलच असे नाही, हे या सभागृहात मी सांगावयास नको. ते मूल आता बालवाडीत जाते.

राउटर बंद-चालू करताच काम झाले, त्या अर्थी राउटरच सदोष, असे निदान तंत्रज्ञाने केले. ‘‘साहेब, राउटर बदली नाखो.’’ राउटर बदलला. पहिला बुधवार सुट्टीचा असल्याने गर्दी बेताची होती, तो निभावला. दुसऱ्या बुधवारी पुन्हा तेच. मग सर्वांचा संशय लॅपटॉपवर गेला, कारण बाकी सारी उपकरणे सुरळीत होती. हृदयरोगतज्ज्ञांचे म्हणणे असे, की घरी, रुग्णालयात, विमानतळावर हाच लॅपटॉप कधी अडत नाही. दोन्ही पक्ष खरे बोलत होते.

मित्रांनी मला बोलावले, तेव्हा मी प्रथम ‘आयपीकॉन्फिग’ पाहिले. पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा. म्हणजे लहरी पोहोचत होत्या, परवलीचा शब्द बरोबर होता, पण राउटर पत्ता देत नव्हता. राउटरच्या पानावर जाऊन वाटपाची यादी उघडली. वाटण्यासाठी पत्ते शंभर, आणि शंभरही दिलेले. प्रत्येक पत्ता चोवीस तासांच्या कराराने. प्रतीक्षागृहात मात्र वीस-पंचवीस माणसेच बसलेली.

उलगडा भिंतीवर होता. मालकांनी पालकांच्या सोयीसाठी वाय-फायचा परवलीचा शब्द मोठ्या अक्षरांत चिकटवला होता. बालरुग्णालयात एका मुलाबरोबर आई, वडील, आजी येतात. प्रत्येकाचा फोन जाळ्यात शिरतो, एक पत्ता घेतो आणि अर्ध्या तासाने घरी जातो. फोन गेला तरी पत्ता त्याच्याच नावावर चोवीस तास राखून ठेवलेला. रात्री रुग्ण गेल्यावरही खाट भरलेलीच दाखवावी, तसा हा हिशेब. काल सायंकाळचे व आज सकाळचे फोन मिळून बुधवारी सायंकाळपर्यंत शंभरी भरून जाई. रुग्णालयातील कायमच्या उपकरणांकडे स्वतःचे पत्ते आधीच असल्याने त्यांना काहीच जाणवत नसे. आठवड्यातून एकदा येणारा पाहुणा तेवढा दाराबाहेर राही. राउटर बंद-चालू केला की यादी पुसली जाई आणि त्याला जागा मिळे.

उपाय पाच मिनिटांचा होता. कराराचा अवधी दोन तासांवर आणला. पालकांसाठी पाहुण्यांचे वेगळे जाळे सुरू केले, आणि भिंतीवरच्या कागदावर त्याच जाळ्याचा शब्द लिहिला. ज्या जाळ्यावर रुग्णांचे अहवाल फिरतात, त्यावर अनोळखी फोन असू नयेत, हे तर त्याहूनही मोठे कारण. हृदयरोगतज्ज्ञांच्या लॅपटॉपसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवला. त्यासाठी त्यांच्या लॅपटॉपवरील ‘यादृच्छिक हार्डवेअर पत्ता’ ही सोय त्या जाळ्यापुरती बंद करावी लागली, कारण ती चालू असेल तर लॅपटॉप वेगळ्या नावाने दारात उभा राहू शकतो आणि राखीव जागा त्याला मिळत नाही.

याच वर्गातला एक धाकटा भाऊ म्हणजे दुहेरी पत्ता. प्रयोगशाळेतील मुद्रकाला किंवा विश्लेषक यंत्राला कुणीतरी हाताने एक पत्ता नेमून दिलेला असतो, आणि नेमका तोच पत्ता राउटरही दुसऱ्या कुणाला देऊन मोकळा होतो. मग मुद्रक चालू केला की लॅपटॉप पडतो. मुद्रकाचा पत्ता वाटपाच्या कक्षेबाहेर नेला की तंटा मिटतो.

लहरींचे शत्रू

राउटरच्या खिडकीतच उत्तरे गळत असतील तर हवेकडे पाहावे. वाय-फायच्या लहरी प्रामुख्याने दोन पट्ट्यांत चालतात : २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. पहिला पट्टा दूर पोहोचतो व भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो, पण त्यात गर्दी फार. ब्लूटूथ, बिनतारी माऊस, स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह, सारे त्याच पट्ट्यात. दुसरा पट्टा वेगवान व मोकळा, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतो. २.४ च्या पट्ट्यात १, ६ व ११ हे तीनच मार्ग एकमेकांवर न चढता चालतात. दाट वस्तीत सर्व शेजाऱ्यांचे राउटर एकाच मार्गावर असतील, तर आपला राउटर उरलेल्यांपैकी मोकळ्या मार्गावर हाताने नेऊन ठेवावा.

वैद्यकीय वास्तूंत लहरींचे खास शत्रू असतात. भौतिकोपचार कक्षातील मायक्रोवेव्ह डायाथर्मी २४५० मेगाहर्ट्‌झवर चालते, म्हणजे वाय-फायच्या २४०० ते २४८३.५ या पट्ट्याच्या जवळजवळ मध्यावर. राउटर वॅटच्या लहानशा अंशावर कुजबुजतो, तर हे यंत्र शे-दोनशे वॅटनी बोलते. गुडघ्याला वीस मिनिटे शेक चालू आणि शेजारच्या खोलीत लॅपटॉप वीस मिनिटे मुका, असा मेळ बसला की निदान झालेच. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्‌झवर न्यावा. शॉर्टवेव्ह डायाथर्मीवर मात्र उगाच आळ घेऊ नये. ती २७.१२ मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे पुष्कळ दूर चालते.

क्ष-किरण कक्षाच्या शिशाच्या पत्र्यातून वाय-फाय जाईल ही आशा सोडावी. तेथे तारच न्यावी. पोलादी कपाट, मोठा आरसा, मत्स्यपेटी, पाण्याची टाकी, या सर्वांच्या मागे लहरींची सावली पडते. राउटर सुंदर दिसत नाही म्हणून अनेक घरांत तो कपाटात वा दूरदर्शन संचामागे कोंबलेला असतो. त्याला उघड्यावर, छातीच्या उंचीपेक्षा वर ठेवले तर निम्मी घरे सुखी होतील असे माझे मत आहे.

एक गुन्हेगार मात्र असा आहे, की त्यावर कुणाचाच संशय जात नाही : यूएसबी ३ ची बाह्य हार्ड डिस्क. इंटेल कंपनीने २०१२ साली एका तांत्रिक टिपणात दाखवून दिले, की यूएसबी ३ ची उपकरणे व त्यांच्या तारा २.४ गिगाहर्ट्‌झच्या परिसरात गोंगाट निर्माण करतात. सोनोग्राफीच्या चित्रांची प्रत डिस्कवर उतरवू लागले की नेट मंदावते आणि डिस्क काढली की सुधारते, असा अनुभव असेल तर कारण हेच. डिस्क दुसऱ्या बाजूच्या खाचेत लावावी, चांगल्या आवरणाची लांब तार वापरून ती पडद्यापासून दूर ठेवावी, किंवा येथेही ५ गिगाहर्ट्‌झचा आश्रय घ्यावा.

वीज, आणि तालाचा प्रश्न

लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. ही साधी गोष्ट विसरली जाते. वीज क्षणभर लवते, इन्व्हर्टर भार घेतो, ट्यूबलाइट एकदा लुकलुकते आणि कुणाचे लक्षही जात नाही. परंतु तेवढ्यात राउटर बंद पडून पुन्हा सुरू झालेला असतो, आणि त्याला पूर्ण जागे होण्यास दोन मिनिटे लागतात. राउटरच्या पानावर तो किती वेळ अखंड चालू आहे याची नोंद बहुधा असते. ती दिवसांऐवजी मिनिटांत दिसली, तर लहरींचा विचार बाजूला ठेवून विजेकडे पाहावे. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस यावर पुरेसा आहे. तो लावूनही राउटर आपोआप सुरू होत राहिला, तर त्याचा अ‍ॅडॅप्टर म्हातारा झाला आहे.

लॅपटॉपच्या बाजूनेही वीज छळते. चार्जर लावलेला असताना नेट उत्तम, बॅटरीवर गेले की तुटते, असे असेल तर वीज वाचविण्यासाठी यंत्रणा वायरलेस कार्डाला डुलकी घेऊ देत आहे. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये वायरलेस कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर, वीज वाचविण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा देणारी खूण असते, ती काढून टाकावी. काही नव्या लॅपटॉपवर हे पान दिसत नाही. तेथे वीजवापराच्या सेटिंगमध्ये ‘उच्च कार्यक्षमता’ निवडून पाहावे.

आता एक प्रश्न, जो सर्वाधिक गोंधळात टाकतो. वेगाची चाचणी शंभर मेगाबिट दाखविते, तरी रुग्णाशी दृक्‌संवाद करताना आवाज तुटतो, हे कसे? हृदयाचे एकूण उत्सर्जन चांगले असूनही ताल बिघडलेला असू शकतो, तसेच हे. संवादाला वेगापेक्षा नियमितपणा हवा. घरातला कुणी त्याच वेळी शेकडो छायाचित्रे वर चढवीत असेल, किंवा लॅपटॉप स्वतःच दिवसभराच्या फायली दूरच्या साठ्यात पाठवीत असेल, तर बाहेर जाणाऱ्या वाटेवर रांग लागते आणि आपला आवाज त्या रांगेत उभा राहतो. बाहेरच्या पत्त्याची पिंग अशा वेळी वीसवरून पाचशेवर जाते आणि वर पाठविणे थांबविले की खाली येते. साठवणीचे काम रात्रीवर टाकावे.

हा केवळ सोयीचा विषय नाही. २५ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या दूरवैद्यकाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ‘ए’ यादीतील औषधे पहिल्याच सल्ल्यात लिहून द्यायची, तर तो सल्ला दृक्‌स्वरूपाचा असावा लागतो. चित्र तुटले म्हणून नुसत्या आवाजावर संवाद पुरा केला, तर त्या औषधांची मुभा उरत नाही. म्हणून माझ्या टेबलावर दृक्‌सल्ल्याच्या तासाला वाय-फाय नसतेच. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत सरळ तार असते. नव्या पातळ लॅपटॉपना तारेची खाच नसते, पण यूएसबीला लावायचा जोडतुकडा सहज मिळतो. आणि अशी तार शंभर मीटरपर्यंत निर्धास्त नेता येते. तारेवर दुखणे थांबले, तर दोष हवेत किंवा वायरलेस कार्डात, हे निदानही त्यातच होऊन जाते.

उपचाराविषयी थोडे

‘नेटवर्क रीसेट’ नावाची एक कळ विंडोज १० व ११ मध्ये आहे, आणि प्रत्येक भाचा-पुतण्या प्रथम तीच दाबतो. ती सर्व साठविलेले परवलीचे शब्द व खास जोडण्या पुसून टाकते. तपासणीआधीच मोठे प्रतिजैविक दिल्यावर कल्चरमध्ये काही उगवत नाही, तसे त्यानंतर मूळ कारणाचा माग लागत नाही. ती शेवटी वापरावी, आणि शब्द आधी वहीत लिहून ठेवावेत.

त्याआधी एक उत्तम अहवाल मागवावा. काळी खिडकी प्रशासकाच्या अधिकाराने उघडून ‘नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ ही आज्ञा रोमन लिपीत दिली, की लॅपटॉप गेल्या तीन दिवसांतील प्रत्येक जोडणी व तुटणी, वेळेसह व कारणासह, आलेखाच्या रूपात मांडतो. अद्ययावतीकरणानंतर त्रास सुरू झाल्याचे त्यात दिसले, तर वायरलेस कार्डाचा ड्रायव्हर आधीच्या आवृत्तीवर न्यावा. एरवी लॅपटॉपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून नवा घ्यावा. ड्रायव्हर शोधून देण्याचा दावा करणारे फुकट कार्यक्रम घेऊ नयेत. ते वैदूच्या पुडीसारखे असतात. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही रुग्णांची माहिती साठविणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

जुन्या लॅपटॉपचे एक ढोंग सांगतो. आतील लहान बॅटरी संपल्याने त्याची तारीख मागे जाते आणि मग सुरक्षित संकेतस्थळे त्याला ओळख देत नाहीत. पिंग उत्तम, पान मात्र उघडत नाही. तारीख दुरुस्त करताच सारे सुरू.

दोष बाहेरचा ठरला, तर फायबरच्या पेटीवरील ‘लॉस’ या अक्षरांचा दिवा पाहावा. तो तांबडा असेल तर प्रकाश पोहोचत नाही. कपाट सरकवताना पिवळी बारीक तार तीव्र कोनात वाकली असणे, हे नेहमीचे कारण. ती सैल वळणात सोडावी, पण उपटून तिच्या टोकात डोळा घालून पाहू नये. त्यातील प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही. आपल्या नेत्रतज्ज्ञ सभासदांना अधिक सांगणे नलगे. पेटीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसत असेल आणि ती वजा २७ च्या आसपास वा त्याखाली असेल, तर तक्रार नोंदविताना तो आकडाच सांगावा. ‘नेट स्लो आहे’ या वाक्याला ‘राउटर बंद-चालू करा’ हेच उत्तर मिळते. ‘राउटरपर्यंत एकही हाक गळत नाही, बाहेरच्या चाळीस गळल्या, सायंकाळी सात ते सव्वासात’ असे सांगितले, की पलीकडचा माणूस खुर्चीत सरळ बसतो.

दरम्यानच्या काळासाठी फोनचा हॉटस्पॉट चालू करण्याचा सराव मात्र दवाखान्यातील प्रत्येकास असावा. त्यातले सिम घरच्या फायबरपेक्षा निराळ्या कंपनीचे असावे, आणि फोनचा संकेत इमारतीच्या कोणत्या खिडकीपाशी सर्वांत चांगला मिळतो हे आधी पाहून ठेवावे. वर दिलेल्या आज्ञा रोमन लिपीत लिहिलेला एक कागद मी दवाखान्यात टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. ज्या सभासदांना त्याची प्रत हवी असेल, त्यांनी पुढील मासिक सभेत मागून घ्यावी. पंचवीस प्रती काढून आणतो.